टोपी, बूट आणि मातीची भिंत

२६ जुलै १५८४ या दिवशी वॉल्टर रॅले या इंग्रज दरबाऱ्याने एलिझाबेथ राणीच्या दरबारातून एक पत्र धाडलं. राणीची त्याच्यावर तेव्हा भलतीच मर्जी होती, अमेरिकेच्या किनाऱ्यावर वसाहत करायची सनद खिशात होती, पैसा वाहत येत होता. आणि पत्रात मागणी काय, तर इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या डेव्हन परगण्यातलं एक शेतघर मला विका. मी तिथे जन्मलो, कुठे बस्तान मांडायचं तर तिथेच मांडावंसं वाटतं, असा पत्राचा सूर. रॅलेचे वडील त्या घरात पूर्वी भाडेपट्ट्याने राहत होते, मालकी ड्यूक आडनावाच्या घराण्याकडे होती. ड्यूक काही बधले नाहीत.

ते घर आजही उभं आहे. नाव हेज बार्टन, ईस्ट बडली गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ‘बार्टन’ म्हणजे डेव्हनच्या बोलीत मोठ्या जमिनीचं मुख्य शेतघर, आपल्याकडच्या वाड्याच्या तोडीचं. पण दरबारी माणसाने ज्यासाठी जीव टाकला त्या घराच्या भिंती आहेत मातीच्या आणि वर छप्पर आहे काडाचं. इंग्लंडमध्ये जपणूक करायच्या इमारतींची जी सरकारी यादी आहे, तिच्यातल्या सर्वांत वरच्या श्रेणीत हे घर बसतं. त्या श्रेणीत यादीतल्या शंभरातल्या दोन-तीनच इमारती असतात, आणि त्यांत किल्ले नि कॅथेड्रलं यांचीच गर्दी.

माती आणि काड, तेही इंग्लंडच्या पावसात, पाचेक शतकं. हे जमतं कसं?

आपल्या डोक्यात मातीचं घर म्हटलं की वैशाखात लिंपायचं आणि मिरगाच्या आधी शाकारायचं, असा दरसालचा खटाटोप येतो. पण आपला पाऊस निदान चार महिने कोसळून मोकळा होतो, मग आठ महिने भिंतीला ऊन खायला मिळतं. डेव्हनचा पाऊस बाराही महिने पिरपिरत असतो आणि कडक उन्हाचा भरवसा नाही. तिथे मातीची भिंत टिकवायची तर कोरड्या ऋतूची वाट बघून चालत नाही. रोज थोडं भिजणं आणि रोज थोडं वाळणं यांचा हिशेब घरातच बसवावा लागतो. डेव्हनच्या शेतघराचा जवळजवळ प्रत्येक भाग त्या हिशेबाचा आहे, हे एकदा लक्षात आलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

आधी भिंत. तिच्या मालाला तिकडे ‘कॉब’ म्हणतात. आपल्याला लगेच कोबा आठवतो. पण कोबा चुन्याचा आणि जमिनीचा, हा मातीचा आणि भिंतीचा. आवाज सारखा, नातं काही नाही.

कॉबची माती वरच्या थरातली नसते. वरच्या काळ्या थरात कुजलेला पाला आणि मुळं असतात, ती शेतीला ठेवायची. त्याखालची, चिकणमाती, वाळू आणि बारीक खडे एकत्र असलेली माती खणून काढायची. बहुतेक वेळा घराशेजारीच खणत, म्हणून डेव्हनमध्ये भिंतीच्या रंगावरून जमीन ओळखता येते. पूर्वेकडे आणि क्रेडिटनच्या बाजूला लालबुंद, मध्य डेव्हनात करडी-पिवळट. या मातीत पाणी आणि गव्हाचं काड घालून ती तुडवायची. पायांनी, नाहीतर बैलांच्या खुरांनी. मातीचं घर बांधताना ज्यांनी चिखल तुडवलाय त्यांना सांगायला नको की यात कमरेचा काटा ढिला होतो.

काड कशाला? पुष्कळांना वाटतं, सिमेंटमध्ये सळई तसं मातीत काड, ताकदीसाठी. थोडंफार खरं आहे, पण मुख्य काम वेगळं. चिकणमाती वाळताना आकसते. नुसतीच असेल तर एका जागी मोठी भेग पडून भिंत फुटेल. काड ती आकसण सगळीकडे वाटून टाकतं. एका मोठ्या भेगेऐवजी शेकडो केसाएवढ्या पडतात, ज्या कुणाला दिसतही नाहीत. शिवाय ओल्या गोळ्याला काड धरून ठेवतं, म्हणून तो फाट्याने उचलून भिंतीवर ठेवता येतो. आणि पोकळ काडीतून आतली ओल बाहेर यायला वाट मिळते ती वेगळीच.

कॉबची भिंत साच्यात ठोकत नाहीत आणि विटाही पाडत नाहीत. फाट्याने गोळे भिंतीवर टाकायचे, वर उभं राहून ते पायाने दाबायचे, साधारण दोन फुटांचा एक थर चढला की थांबायचं. या थराला ‘लिफ्ट’ म्हणतात. तो आपला भार पेलण्याइतका घट्ट झाला की, म्हणजे हवा बरी असेल तर पंधराएक दिवसांनी, पुढचा थर. बाजूंनी बाहेर सुटलेली माती धारदार लोखंडी फावड्याने तासून भिंत ओळंब्यात आणायची. जुन्या गोठ्याच्या गिलावा उडालेल्या भिंतीकडे तिरप्या उन्हात पाहिलं तर हे थर अजून मोजता येतात: आडव्या, किंचित लाटेसारख्या रेघा, आणि मधूनमधून बाहेर डोकावणारी, चार शतकांपूर्वीच्या कुठल्यातरी सुगीतली काडी, अजून पिवळी.

याचे पक्के आकडे हवे असतील तर हेज बार्टनहून काही मैलांवर बडली सॉल्टर्टन आहे. तिथे १९१० साली अर्नेस्ट गिम्सन या वास्तुकाराने ‘कॉक्सन’ नावाचं घर जुन्या पद्धतीने कॉबमध्ये बांधून घेतलं. पायथ्याला दीड फूट गोट्यांचं जोतं, तेही त्याच जागी खणताना निघालेल्या गोट्यांचं. भिंत तीन फूट रुंद चढवायची आणि तासून अडीच फुटांवर आणायची. छपरापर्यंत भिंती पोचायला तीन महिने लागले. त्या काळी विटांचं काम याहून भराभर होत होतं. कॉब मागे पडला तो कच्चा होता म्हणून नाही, त्याला थांबत थांबत बांधावं लागतं म्हणून.

एवढी जाडी कशासाठी, हे एका सोप्या गणितात दिसतं. भिंत ६० सेंटिमीटर जाड, ५ मीटर उंच धरा आणि तिचा एक मीटर लांबीचा तुकडा घ्या. तीन घनमीटर माती झाली, वजन साधारण पाच हजार किलो. ते वजन खाली सहा हजार चौरस सेंटिमीटरवर टेकतं. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर किलोभरही भार नाही. वाळलेला चांगला कॉब तेवढ्याच जागेवर सहा ते दहा किलो सहज सोसतो. छपराचं आणि माळ्याचं वजन त्यात घातलं तरी हातात भरपूर शिल्लक उरतं.

पण हे गणित वाळलेल्या भिंतीचं. ओल वाढत गेली की ताकद घसरत जाते, आणि एका मर्यादेपलीकडे कॉब पुन्हा तेच होतो जे तो मुळात होता: चिखल. म्हणून डेव्हनमध्ये जुनी म्हण आहे की कॉबला चांगली टोपी आणि चांगले बूट द्या, तो कायम टिकेल.

बूट म्हणजे जोतं. दगडाचं, साधारण फूट-दीड फूट किंवा त्याहून उंच. जमिनीची ओल केशाकर्षणाने मातीत चढते, दगडातून तेवढी चढत नाही. शिवाय पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून जे उडतं ते दगडावर उडावं, मातीवर नाही. आपल्या कोकणातलं उंच जोतं याच कारणाने आलं. मला या घरांतली सर्वांत हुशारीची गोष्ट हे जोतंच वाटतं, कारण कौतुक नेहमी छपराचं होतं आणि घर पडतं मात्र जोत्यापाशी. ते कसं, ते पुढे येईल.

टोपी म्हणजे काडाचं छप्पर. डेव्हनची खास रीत विंचरलेल्या गव्हाच्या काडाची. मळणीत काड चेचलं जाऊ नये म्हणून ते विंचरून दाणे आणि पाला वेगळा करतात; सगळ्या काड्यांची बुडं एका बाजूला राहतात. या पेंढ्या बुडं बाहेर करून एकावर एक रचायच्या आणि हेझेल नावाच्या झुडपाच्या फोकाटीचे मधोमध पिरगळून केलेले चिमटे खुपसून बसवायच्या. जवळून पाहिलं तर छपराचा पृष्ठभाग ब्रशच्या केसांसारखा दिसतो: लाखो काड्यांची नुसती टोकं.

एकेक काडी फुटकी नळी असताना छप्पर गळत नाही ते उतारामुळे. पाखी चांगली उभी, ४५ ते ५० अंशांची. थेंब एका टोकावरून खालच्या टोकावर टपटप उड्या मारत वळचणीला पोचतो, फूटभर जाड थरात दोनेक इंचांपलीकडे आत शिरायला त्याला वेळच मिळत नाही. उतार मंदावला, उदाहरणार्थ नंतर जोडलेल्या खिडकीच्या डोक्यावर, की तिथेच आधी कुजतं. पन्हळ नसते. वळचण भिंतीच्या चांगली बाहेर काढलेली असते आणि पागोळ्या लांब पडतात.

असं छप्पर २५-४० वर्षं काढतं, आढ्यावरची टोपण त्याआधीच दोन-तीनदा बदलावी लागते. आणि शाकारणी म्हणजे सगळं काढून नवं, असं डेव्हनमध्ये करत नाहीत. वरचा कुजलेला थर खरवडायचा, खालचं सुकं ठेवायचं, त्यावर नवा थर. वाशांना बांधलेला अगदी तळचा थर तर पहिल्या शाकारणीपासून तसाच राहून जातो.

त्या तळच्या थरात काय सापडतं, ते ऐकण्यासारखं आहे. माळ्यावर चढून विजेरी वर धरली तर वासे आणि काड दोन्ही काजळीने काळेकुळकुळीत, लाखेसारखे चमकणारे. हा धूर घराला धुराडं नसतानाचा, म्हणजे मध्ययुगातला. जमिनीवर मधोमध शेकोटी असायची आणि धूर छपरातून झिरपत बाहेर जायचा. त्या धुराच्या डांबराने आणि कोरडेपणाने काड जसंच्या तसं राहिलं. जॉन लेट्स या पुरावनस्पती-अभ्यासकाने १९९० च्या दशकात अशा छपरांतून मूठ मूठ काड काढून तपासलं. निघाला पाच-सहाशे वर्षांपूर्वीचा गहू, राय नावाचं धान्य, आणि शेतातलं तणही, ओंब्या आणि बोंडांसकट. एकाच शेतात नाना जातींचं मिश्रण पेरलेलं, आजच्या गव्हाच्या मानाने कितीतरी उंच. इंग्लंडच्या मध्ययुगीन शेतीचा हा कोठार कुठल्या संग्रहालयात नाही, लोकांच्या झोपायच्या खोलीच्या डोक्यावर आहे.

आजच्या शाकारणाऱ्याची अडचण नेमकी इथेच आहे. आधुनिक गहू बुटका, खताने फोफावलेला, काड ठिसूळ. वर कंबाइन हार्वेस्टर ते चेचून टाकतो. म्हणून छपरासाठी मॅरिस विजन यासारखा उंच वाण वेगळा पेरतात आणि कित्येक दशकांची जुनी कापणी-यंत्रं तेलपाणी करून चालवतात.

आता छप्पर भिंतीवर टेकतं कसं? दोन वासे आढ्याशी टेकवले की खाली त्यांचे पाय बाहेर सरकू बघतात. शिडीचे पाय फरशीवर सरकतात, तसे. मातीची भिंत सरळ खाली दाबलं तर सोसते, वरून बाहेर ढकललं तर सोसत नाही. डेव्हनच्या सुतारांनी यावर ‘जॉइंटेड क्रक’ नावाची कैची वापरली. ओकचा एक खांब भिंतीच्या अंगातच उभा, जमिनीपासून काही फुटांवरून सुरू होणारा. त्याच्या माथ्याला तिरका मोठा वासा कोपरासारखा जोडून खुंट्या मारलेल्या. छपराचा भार भिंतीच्या माथ्यावर न येता या वाकवलेल्या हातातून खाली, भिंतीच्या पोटात उतरतो. आधी लाकडाची कैची, मग भोवती मातीचे थर, अशी ही घरं चढत. घराची लांबीही कैच्यांमधल्या खणांवरच मोजतात. आपणही ‘पाच खणी घर’ म्हणतो तेव्हा हेच मोजत असतो.

आतल्या मांडणीवर राज्य पाण्याचं नव्हे, धुराचं.

जुनं डेव्हनी शेतघर एका ओळीतल्या तीन दालनांचं. समोरच्या दारातून शिरलं की सरळ मागच्या दारापर्यंत जाणारा बोळ. बोळाच्या एका अंगाला खालची खोली, तिथे साठवण, दुभतं. डार्टमूरच्या पठारावर तर गुरंच, एकाच छपराखाली. दुसऱ्या अंगाला ‘हॉल’: मधोमध शेकोटी, तिथेच रांधणं, जेवणं, नोकरचाकरांसकट सगळ्यांचं बसणं-उठणं. हॉलच्या पलीकडे घरधन्याची आतली खोली. हॉल थेट आढ्यापर्यंत उघडा. मधल्या लाकडी आडभिंती डोक्याच्या थोड्या वरपर्यंतच. हे आज कसं कळतं? काजळीवरून. तिन्ही दालनांवरचे वासे सारखेच काळे असतील तर धूर आडभिंतींवरून सगळ्या घरभर फिरत होता. एका बाजूचेच काळे असतील तर भिंत आढ्यापर्यंत होती. घराचा पाचशे वर्षांचा इतिहास अभ्यासक असा माळ्यावर पालथं पडून वाचतात.

मग १५५० ते १६५० या शंभर वर्षांत सगळं पालटलं. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला आणि त्याने धुराडं बांधलं. रिचर्ड कॅरूने १६०२ साली शेजारच्या कॉर्नवॉलबद्दल लिहिताना जुन्या शेतकऱ्यांच्या घरांचं वर्णन केलंय: मातीच्या भिंती, ठेंगणं काडाचं छप्पर, पाटईचं नाव नाही, काच नाही, आणि धूर जायला भिंतीला भोक. म्हणजे तोवर ही ‘पूर्वीची’ गोष्ट झाली होती. धूर दगडी धुराड्यात कोंडला गेला आणि त्याच क्षणी हॉलच्या डोक्यावरची रिकामी जागा कामाची झाली. तुळया टाकल्या, पाटई केली, वर निजायच्या खोल्या आल्या. वर जायला जिना हवा, तो बहुतेकदा मागच्या भिंतीला बाहेर फुगवटा काढून त्यात कोंबलेला. डेव्हनमध्ये धुराडं पुष्कळदा घराच्या दर्शनी भिंतीवरच असतं, सगळ्या रस्त्याला दिसेल असं. तीनेक पिढ्या धूर खाल्लेल्या माणसाने धुराडं मिरवलं तर त्याला नावं ठेवावीत का?

हेज बार्टनचा दर्शनी आकार इंग्रजीतल्या E अक्षरासारखा आहे: दोन टोकांना पुढे आलेले दोन भाग आणि मधोमध दुमजली देवडी. E म्हणजे एलिझाबेथ, राणीला मुजरा म्हणून तसं बांधलं, अशी गोष्ट अशा घरांबद्दल हमखास ऐकायला मिळते. छान आहे, पण घराचा गाभा राणी १५५८ साली गादीवर येण्याआधीचा. साधं कारण घराच्या पोटातच आहे. त्या आडव्या बोळाच्या दारावर देवडी चढली, टोकाच्या खोल्या अपुऱ्या पडल्या तशा पुढे वाढवल्या. तीन खोल्यांच्या रांगेतून E आपोआप निघतो.

आता जोत्यापाशी परत. विसाव्या शतकात डेव्हनमधल्या पुष्कळ घरमालकांनी जुना चुन्याचा गिलावा उखडून सिमेंटचा केला. हेतू चांगला: भिंत पक्की होईल, पाणी शिरणार नाही. चुन्याचा गिलावा पाणी थोडं आत घेतो आणि ऊन-वारा मिळाला की सोडून देतो. सिमेंट ताठ. भिंत किंचित हलली, ते तडकलं. केसाएवढ्या तडीतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नाही. मातीतून ते खाली खाली उतरत जोत्याच्या माथ्यावर साचतं, नेमकं तिथे जिथे वरच्या सगळ्या भिंतीचा भार टेकलेला असतो. बाहेरून रंग झकपक, खोलीच्या बाजूने सुकं, आणि भिंतीच्या गाभ्यात माती पुन्हा मळलेल्या पिठासारखी मऊ. वर्षं जातात. मग एखाद्या ओल्या हिवाळ्यात जोत्यालगतचा थर बाहेर सरकतो आणि भिंतीचा अख्खा तुकडा बसतो. भोवतालच्या अंगणाची पातळी मातीने, डांबराने वर्षानुवर्षं वर चढवत नेली आणि जोतं बुडालं, तरी शेवट हाच. चार शतकं काढलेल्या घराला वीस वर्षांच्या पक्केपणाने मारलं, असं कित्येक ठिकाणी झालंय.

दुरुस्ती त्यामुळे उलट्या दिशेने चालते. सिमेंट सोलायचं, महिनोन्‌महिने भिंत नुसती वाळू द्यायची, पोकळ्यांत त्याच मातीच्या कच्च्या विटा बसवायच्या, चुना फासायचा. पडलेला कॉब फेकत नाहीत. पाणी आणि थोडं ताजं काड घालून तुडवला की तीच माती पुन्हा भिंतीवर चढते. अशी सोय दुसऱ्या कुठल्या बांधकामात मला ठाऊक नाही.

एका समजुतीला मात्र टाचणी लावायला हवी. मातीची जाड भिंत म्हणजे घर उबदार, असं सर्रास म्हणतात. भिंत उष्णता साठवते, त्यामुळे उन्हाळ्यात आत गारवा आणि चुलाणाजवळ सुख, हे खरं. पण थंडी अडवण्यात ती आजच्या नियमांपुढे नापास होते. थंडी अडवायचं काम खरं तर काडाचं छप्पर जास्त चांगलं करतं. प्लिमथ विद्यापीठाने फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या लोकांना सोबत घेऊन ‘कॉबबॉज’ नावाचा प्रकल्प केला, तो यासाठीच. ‘बॉज’ हे कॉबचंच फ्रेंच नाव. इंग्लिश खाडीच्या पलीकडेही शेतकरी हेच तुडवत होते. त्यांनी भिंतीचे दोन पदर केले: एका अंगाला भार पेलणारा जड कॉब, दुसऱ्या अंगाला तंतू भरपूर आणि माती थोडी असलेला हलका थर, ऊब धरणारा. दोन्ही ओलेच असताना एकत्र चढवायचे. अशी भिंत नियमांत बसली.

त्याच्या बऱ्याच आधी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, मध्य डेव्हनातल्या डाउन सेंट मेरी गावात आल्फ्रेड हॉवर्ड या बांधकामवाल्याने कॉबचा एक बसथांबा उभारला. कॉब नव्याने बांधणं जवळपास थांबलंच होतं. पुढे त्या भागात जे पुन्हा सुरू झालं त्याची सुरुवात म्हणून आज हा थांबा दाखवतात.

आणि रॅले? हेज बार्टन हाती लागलं नाही, तेव्हा त्याने पुढे डॉर्सेटमध्ये शेरबर्नची जहागीर मिळवली आणि १५९४ च्या सुमारास तिथे नवं घर बांधलं. दगडाचं.